लष्कराने सत्ता घेतली की सामान्य माणसाचे काय होते?

गेल्या पाच-सहा वर्षांत माली, गिनी, सुदान, बुर्किना फासो, नायजर, गॅबॉन अशी आफ्रिकी देशांची नावे एकामागून एक बातम्यांत आली आणि २०२५च्या अखेरीस त्यांत मादागास्कर व गिनी-बिसाऊ यांची भर पडली. आपल्या शेजारी म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ रोजी हेच घडले होते. बातमी प्रत्येक वेळी सारखीच असते. गणवेशातील अधिकारी दूरचित्रवाणीवर निवेदन वाचतात, राज्यघटना स्थगित होते, संचारबंदी लागते आणि सीमा बंद होतात. दोन दिवसांनी बातमी आतल्या पानावर जाते आणि त्या देशातील शेतकऱ्याचे, शिक्षिकेचे, बाळंतिणीचे पुढे काय झाले हे आपल्यापर्यंत पोहोचतच नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात या विषयाला आणखी एक बाजू आहे. शिरोळ तालुक्यातील एका गावाचे नावच सैनिक टाकळी आहे, टेंबलाई टेकडीजवळ प्रादेशिक सेनेची मराठा बटालियन आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जाणारी घराणी गावोगावी आहेत. लष्कराबद्दलचा आदर इथे पुस्तकातून आलेला नाही, तो घरातून आलेला आहे. म्हणूनच राजकारणाला कंटाळलेला माणूस बिंदू चौकात चहा घेताना "चार-पाच वर्षे देश मिलिटरीच्या ताब्यात द्या, सगळे सरळ होईल" असे मनापासून म्हणतो. त्या म्हणण्यामागची कळकळ खरी असते आणि म्हणूनच तिला उडवून न लावता, लष्कराने सत्ता घेतल्यावर प्रत्यक्षात काय होते हे पायरीपायरीने पाहायला हवे.

उठाव म्हणजे नेमके काय

लष्करी उठाव म्हणजे सैन्याने, किंवा त्यातील एका गटाने, बळाच्या किंवा बळाच्या धाकाच्या जोरावर सरकारला बेकायदा बाजूला सारून सत्ता हाती घेणे. लोकांनी रस्त्यावर उतरून राजवट उलथवली तर ती क्रांती असते आणि दोन सशस्त्र पक्ष देशभर लढू लागले तर ते यादवी युद्ध असते. उठावात सहसा राजधानीतील मोजक्या जागा ताब्यात घेतल्या जातात: राष्ट्रप्रमुखाचे निवासस्थान, दूरचित्रवाणी केंद्र, विमानतळ, दूरसंचार केंद्र. काम काही तासांत उरकते, रक्तही अनेकदा फारसे सांडत नाही, आणि त्यामुळेच पहिल्या दिवशी ते स्वस्तात मिळालेले परिवर्तन वाटते.

आपल्याकडील सहकारी साखर कारखाना डोळ्यांपुढे आणा. संचालक मंडळावर सभासद नाराज आहेत, ऊसबिले थकली आहेत आणि गैरव्यवहाराची कुजबुज आहे. एका रात्री कारखान्याचे सुरक्षारक्षक संचालकांना खोलीत कोंडतात, कार्यालयाच्या किल्ल्या घेतात आणि सकाळी फलक लावतात की आजपासून कारभार आम्ही पाहू. पहिल्या दिवशी गेटवर टाळ्याही वाजतील. पण आठवड्याभरात बॉयलर चालवणारे आणि हिशेब ठेवणारे कामावर यायचे थांबतात, बँक पूर्वहंगामी कर्ज द्यायला तयार होत नाही, वजनकाट्यावर शंका आली तर ती विचारायची कोणाला हे कळत नाही, कारण सर्वसाधारण सभाच बंद झालेली असते. निम्मे रक्षक कोंडलेल्या खोलीच्या दारावर उभे राहिल्याने कुंपणाच्या कडेला राखण उरत नाही. शिवाय उद्या रक्षकांतलेच दुसरे चार जण किल्ल्यांवर हक्क सांगू लागले तर त्यांना कोणत्या नियमाने अडवायचे, याचे उत्तर कोणापाशीच नसते. रक्षक वाईट होते असे यात कुठेही नाही. ते प्रामाणिक असते तरी एवढे सगळे घडलेच असते.

सुरक्षा कोणाची मोजायची

सुरक्षा म्हटले की आपल्याला सीमा, रणगाडे आणि विमाने आठवतात. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९९४च्या मानव विकास अहवालात या समजुतीला दुसरी बाजू जोडली. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या त्या अहवालात ‘मानवी सुरक्षा’ ही कल्पना मांडली गेली. देशाची सीमा अभंग असूनही तिच्या आत राहणारा माणूस उपाशी, आजारी किंवा भयभीत असेल तर त्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असा तिचा गाभा आहे. रोजगार, अन्न, आरोग्य, पर्यावरण, व्यक्तीची जीवितसुरक्षा, समाजगटांची सुरक्षा आणि राजकीय हक्क अशी सात अंगे तिथे सांगितली होती. ही अंगे एकमेकांना बांधलेली असतात. एक सुटले की बाकीची ओघळू लागतात आणि उठावात राजकीय हक्काचे अंग सर्वांत आधी सुटते.

म्यानमार: बँक, दवाखाना, शाळा, शेत

हा देश मराठी माणसाला अनोळखी नाही. लोकमान्य टिळकांनी १९०८ पासून १९१४ पर्यंतचा कारावास मंडालेच्या तुरुंगात भोगला आणि ब्रिटिशांनी पदच्युत केलेला ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा आपल्या आंबा घाटाखाली रत्नागिरीत नजरकैदेत राहून १९१६ मध्ये तिथेच वारला. त्या देशात १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी पहिला उठाव केला, १९८८ मध्ये लोकांचे आंदोलन चिरडून सैन्याने पुन्हा सूत्रे हाती घेतली आणि त्यानंतर बरीच वर्षे अधिकाऱ्यांचीच राजवट राहिली. २००८च्या राज्यघटनेत सैन्याने संसदेच्या २५ टक्के जागा स्वतःसाठी राखल्या आणि घटनादुरुस्तीला ७५ टक्क्यांहून अधिक मते लागतील अशी तरतूद केली. म्हणजे सैन्याच्या संमतीविना घटना बदलणे अशक्य झाले. संरक्षण, गृह आणि सीमा ही तीन खातीही सैन्याकडेच राहिली.

एवढी तजवीज असतानाही नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत आंग सान सू ची यांच्या पक्षाने मोठा विजय मिळवला तेव्हा सेनाप्रमुख मिन आंग लाइंग यांनी मतदारयाद्यांतील गैरप्रकाराचा आरोप केला आणि नवी संसद बसण्याच्या दिवशीच पहाटे नेत्यांना अटक केली.

पहिला परिणाम बँकांत दिसला. विश्वास उडाल्याने लोकांनी पैसे काढायला गर्दी केली, बँकांनी काढण्यावर मर्यादा घातल्या आणि एटीएमसमोर पहाटेपासून रांगा लागू लागल्या. पगार खात्यात जमा आहे पण हातात येत नाही, अशी स्थिती झाली. क्यात या तिथल्या चलनाची किंमत घसरली आणि आयात होणारे इंधन, खाद्यतेल व औषधे महागली. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२१च्या आर्थिक वर्षात अर्थव्यवस्था सुमारे १८ टक्क्यांनी आक्रसली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने दाखवून दिले की २०१७ मध्ये सुमारे एक चतुर्थांश लोकसंख्या दारिद्र्यरेषेखाली होती, तो वाटा जवळपास निम्म्यावर गेला आहे. युद्धाने कारखाने उद्ध्वस्त होण्याआधीच, केवळ विश्वास तुटल्याने, एवढी हानी सुरू झाली होती.

दुसरा परिणाम दवाखान्यांत दिसला. उठावाच्या दुसऱ्याच दिवसापासून सरकारी डॉक्टर आणि परिचारिकांनी लष्कराच्या हाताखाली काम करण्यास नकार दिला. त्यांच्यामागोमाग शिक्षक, रेल्वे कामगार आणि बँक कर्मचारी बाहेर पडले. ही सविनय कायदेभंगाची चळवळ होती. डॉक्टरांनी धर्मादाय दवाखान्यांतून रुग्ण तपासणे चालू ठेवले, तेव्हा त्यांच्यावरच अटकेची कारवाई झाली. त्याच वर्षी जून ते ऑगस्टमध्ये कोविडची भीषण लाट आली आणि कुटुंबे ऑक्सिजनचे रिकामे सिलिंडर घेऊन तासन्‌तास रांगेत उभी राहिली. आपण २०२१च्या एप्रिल-मेमध्ये तो काळ पाहिला आहे. मात्र आपल्याकडे वर्तमानपत्रे मृत्यूंची संख्या विचारत होती, न्यायालये सरकारला ऑक्सिजनचा हिशेब मागत होती आणि लोकप्रतिनिधींना लोकांचे फोन घ्यावे लागत होते. हे सगळे अपुरे होते, तरीही होते. तिथे प्रश्न विचारण्याची जागाच उरली नव्हती. रात्री इंटरनेट बंद केले जात होते, फेसबुकवर बंदी आली होती आणि अनेक वृत्तसंस्थांचे परवाने रद्द झाले होते.

तिसरा परिणाम जिवावर आला. सुरुवातीची निदर्शने शांततापूर्ण होती. २७ मार्च २०२१ रोजी, सैन्यदिनाचे संचलन चालू असतानाच, एका दिवसात शंभराहून अधिक नागरिक मारले गेले. त्यानंतर तरुणांनी शस्त्रे उचलली, सीमाभागातील वांशिक सशस्त्र संघटनांकडून प्रशिक्षण घेतले आणि देश यादवीत ढकलला गेला. बामर बहुसंख्याकांच्या मैदानी गावांतून, जिथून पूर्वी सैन्याला जवान मिळत, तिथूनच आता सैन्याविरुद्ध लढणारे निघाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये तीन संघटनांनी मिळून उत्तरेकडे मोठी चढाई केली आणि सैन्याला कित्येक शहरे व चौक्या सोडाव्या लागल्या. जमीन हातची गेली की हवाई हल्ले वाढतात. शाळा, बाजार आणि प्रार्थनास्थळे त्यांच्या माऱ्यात आली. तीस लाखांहून अधिक लोक देशातल्या देशात विस्थापित झाले. विस्थापित कुटुंबाची पेरणी बुडते, मुलांची शाळा सुटते आणि बाळंतपण झाडाखाली होते. अहवालातील सात अंगे एकामागून एक कशी ओघळतात, हे एका देशात इतक्या कमी काळात क्वचितच दिसले असेल.

२८ मार्च २०२५ रोजी मंडालेजवळ ७.७ रिश्टरचा भूकंप झाला आणि तीन हजारांहून अधिक माणसे गेली. भूकंप कोणत्याही राजवटीत झालाच असता. मात्र चार वर्षांच्या संघर्षाने पोखरलेली रुग्णालये, देश सोडून गेलेले डॉक्टर, तुटलेले रस्ते आणि मदतपथकांना लागणाऱ्या परवानग्या यांमुळे ढिगाऱ्याखालच्या माणसाची जगण्याची शक्यता आधीच कमी झालेली होती.

एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. उठावाआधी सारे आलबेल होते असे नाही. २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले तेव्हा निवडून आलेले सरकार सत्तेवर होते. पण त्या सरकारचा सैन्यावर ताबा नव्हता, हाच मुद्दा आहे. सत्ता अर्धी दिली तरी बंदुकीवर नागरी नियंत्रण नसेल तर माणूस असुरक्षितच राहतो.

सुदान: उठाव करणारेच एकमेकांवर उलटले तेव्हा

२५ ऑक्टोबर २०२१ रोजी सुदानमध्ये सेनाप्रमुख अब्देल फताह अल-बुरहान यांनी संक्रमणकालीन सरकार बरखास्त केले. त्यांचे साथीदार होते निमलष्करी दलाचे प्रमुख मोहम्मद हमदान दगालो, ज्यांना हेमेदती म्हणतात. हे निमलष्करी दल माजी हुकूमशहा ओमर अल-बशीर यांनी उभे केले होते. बशीर स्वतः १९८९ मध्ये उठाव करून आले होते, त्यामुळे आपल्याविरुद्धही उठाव होईल ही भीती त्यांना कायम होती आणि नियमित सैन्याला तोल म्हणून त्यांनी दुसरे सशस्त्र दल पोसले. २०१९ मध्ये ते पदच्युत झाले, दल मात्र तसेच राहिले.

दोन्ही सेनानींनी मिळून सत्ता घेतली आणि निमलष्करी दल सैन्यात कधी व कोणाच्या हाताखाली विलीन करायचे यावरून त्यांचे बिनसले. १५ एप्रिल २०२३ रोजी राजधानी खार्तूममध्ये त्यांच्यात गोळीबार सुरू झाला. वाद मिटवायला संसद नव्हती आणि दोघांनीही मानावे असे न्यायालय नव्हते. एक कोटीहून अधिक लोक घरादारास मुकले. जगातील हे सर्वांत मोठे विस्थापन ठरले. भारताने ‘ऑपरेशन कावेरी’ राबवून तिथले आपले हजारो नागरिक परत आणले, त्यामुळे आपल्याकडे हे नाव काही आठवडे गाजले आणि मग मागे पडले.

ओलिताची शेती काय असते हे पंचगंगेच्या आणि कृष्णेच्या काठच्या माणसाला सांगावे लागत नाही, म्हणून एक तपशील मुद्दाम देतो. निळी आणि पांढरी नाईल या दोन नद्यांमधील गेझिरा हा प्रदेश जगातील मोठ्या सिंचन योजनांपैकी एक आहे आणि सुदानचे धान्यकोठार मानला जातो. डिसेंबर २०२३ मध्ये लढाई तिथे पोहोचली. शेतकरी पळाले, कालव्यांची देखभाल थांबली, बियाणे व अवजारे लुटली गेली. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये पश्चिम सुदानातील दारफुरमधील झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळाची स्थिती अधिकृतपणे जाहीर झाली. त्या छावणीत लाखो माणसे वेढली गेली होती. अन्नाचे ट्रक तिथवर पोहोचू दिले जात नव्हते. पाऊस पडला नाही म्हणून आलेली ही उपासमार नव्हती.

शेजाऱ्यांना झळ कशी लागते

प्रादेशिक स्थैर्य हा शब्द जड वाटतो. शेजारी देशांमध्ये ये-जा, व्यापार, नदीचे पाणी, सीमेची राखण हे व्यवहार भरवशाने चालत राहणे, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. उठावाने तो भरवसा कसा मोडतो याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्याच उपखंडातले आहे. १९७० मध्ये जनरल याह्या खान यांच्या लष्करी राजवटीत पाकिस्तानात निवडणूक झाली आणि पूर्व पाकिस्तानातील अवामी लीगला राष्ट्रीय संसदेत स्पष्ट बहुमत मिळाले. राजवटीने सत्ता देण्याचे टाळले आणि २५ मार्च १९७१च्या रात्री ढाक्यात सैन्य उतरवले. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांना पोसण्याचा भार बंगाल, आसाम, त्रिपुरा या राज्यांवर पडला, रोगराई पसरली आणि डिसेंबरमध्ये युद्ध झाले. त्या युद्धात लढलेले जवान कोल्हापूर जिल्ह्यात आजही भेटतात. रावळपिंडीतील काही अधिकाऱ्यांनी मतपेटीचा निकाल मानला नाही, त्याची किंमत इथल्या घरांनीही मोजली.

म्यानमारच्या बाबतीत आपली सीमा १,६४३ किलोमीटरची आहे. उठावानंतर म्यानमारच्याच चिन प्रांतातील तीस हजारांहून अधिक माणसे मिझोराममध्ये आली. केंद्राने मार्च २०२१ मध्ये सीमावर्ती राज्यांना हा लोंढा रोखण्यास सांगितले होते. मिझो आणि चिन हे एकाच रक्ताचे समाज असल्याने मिझोराम सरकारने, चर्चसंस्थांनी आणि यंग मिझो असोसिएशनने त्यांना आसरा दिला. भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे यासाठी वेगळा कायदाही नाही, त्यामुळे शेजारच्या उठावाचा भार एका लहान राज्याच्या सद्‌भावनेवर पडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने सीमेवर कुंपण घालण्याचे आणि दोन्हीकडच्या आदिवासींना व्हिसाविना सोळा किलोमीटरपर्यंत ये-जा करू देणारी व्यवस्था मोडीत काढण्याचे जाहीर केले. नातेवाइकांमध्ये भिंत उभी करण्याचा तो प्रश्न अजून खदखदतो आहे.

जिथे शासन उरत नाही तिथे गुन्हेगारी अर्थव्यवस्था वाढते. २०२३ मध्ये अफगाणिस्तानला मागे टाकून म्यानमार हा जगातील सर्वांत मोठा अफू उत्पादक देश बनला. अफगाणिस्तानातील बंदी हे त्याचे एक कारण होते आणि म्यानमारच्या शेतकऱ्याला दुसरे पीक विकण्याची सोय न उरणे हे दुसरे. थायलंडच्या सीमेवरील म्यावाडी परिसरात सायबर फसवणुकीचे मोठे अड्डे उभे राहिले. बँकॉकमध्ये संगणकावरील नोकरी मिळेल असे सांगून भारतीय तरुणांना तिथे नेले गेले आणि डांबून ठेवून त्यांच्याकडून लोकांना फसवण्याचे काम करून घेतले गेले. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणले. व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी क्रमांकावरून गुंतवणुकीचे आमिष येते तेव्हा पलीकडे असाच एखादा डांबलेला मुलगा असू शकतो.

आणखी एक धागा थेट लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारापर्यंत येतो. भारत जो उडीद आयात करतो त्यातला बहुतांश म्यानमारमधून येतो आणि तुरीचाही मोठा वाटा तिथून येतो. २०२१ मध्ये दोन्ही देशांनी दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर यांच्या व्यापाराचा पाच वर्षांचा करार केला. क्यातची घसरण, परकीय चलनावरील निर्बंध किंवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरची लढाई यांपैकी काहीही झाले की इथल्या आवकेची खात्री कमी होते. पापडाच्या उडदाचा भाव केवळ यामुळे ठरतो असे म्हणणे अतिशयोक्त होईल, पण तो ठरवणाऱ्या कारणांत हेही एक आहे.

पश्चिम आफ्रिकेत ही झळ साखळीसारखी पसरली. मालीत ऑगस्ट २०२० आणि मे २०२१ असे नऊ महिन्यांत दोन उठाव झाले, बुर्किना फासोत २०२२ या एकाच वर्षी दोन झाले, आणि जुलै २०२३ मध्ये नायजरची पाळी आली. तिन्ही ठिकाणी अधिकाऱ्यांनी सुरक्षेचेच कारण पुढे केले होते: नागरी सरकारला जिहादी गटांचा बंदोबस्त करता येत नाही, आम्ही करू. त्यानंतर फ्रेंच सैन्य गेले, मालीतून संयुक्त राष्ट्रांची शांतिसेनाही गेली, रशियन भाडोत्री सैनिक आले आणि जिहादी गट आटोक्यात येण्याऐवजी दक्षिणेकडे बेनिन, टोगोच्या सीमांपर्यंत सरकले. २०२५च्या उत्तरार्धात मालीची राजधानी बामाकोकडे येणारे इंधनाचे टँकर या गटांनी जाळले आणि शहरात पेट्रोलसाठी हाहाकार माजला. जानेवारी २०२५ मध्ये हे तिन्ही देश पश्चिम आफ्रिकी देशांच्या इकोवास या आर्थिक संघटनेतून अधिकृतपणे बाहेर पडले. पन्नास वर्षांच्या प्रयत्नाने जोडलेली बाजारपेठ अशी दुभंगली.

"पण निवडून आलेले तरी कुठे प्रामाणिक असतात?"

नसतात, हे बऱ्याचदा खरे आहे. उठावांचे स्वागत करणारे लोक वेडे नसतात. नायजरमध्ये, गॅबॉनमध्ये लोक रस्त्यावर येऊन नाचले, कारण वर्षानुवर्षांच्या भ्रष्टाचाराने ते पिचलेले होते. प्रश्न असा आहे की लष्कर आल्यावर भ्रष्टाचार जातो का. म्यानमारमध्ये सैन्याच्या मालकीच्या दोन अवाढव्य कंपन्या आहेत आणि रत्नखाणी, बँक, बिअर, वाहतूक अशा अनेक धंद्यांत त्यांचा शिरकाव आहे. त्यांच्या नफ्याचा हिशेब संसदेला कधी मागता आला नाही. पाकिस्तानातही सैन्याशी संलग्न प्रतिष्ठाने खते, सिमेंट आणि गृहनिर्माणात आहेत. भ्रष्टाचार तसाच राहतो आणि त्याच्यावर बोट ठेवणाऱ्याला तुरुंगात जावे लागते.

"दक्षिण कोरिया तर लष्करशाहीतच मोठा झाला ना?"

हा आक्षेप गंभीर आहे. पार्क चुंग-ही यांनी १९६१ मध्ये उठाव केला आणि त्यांच्या काळात कोरियाची औद्योगिक भरभराट झाली, हे नाकारता येत नाही. पण त्याच देशात १९८० मध्ये दुसऱ्या लष्करी राजवटीने ग्वांगजू शहरात आंदोलकांवर गोळ्या चालवल्या आणि १९८७ मध्ये लोकांनी लढून थेट निवडणूक मिळवली. लष्करी राजवटीत वाढलेल्या एका देशाचे नाव घेताना तशाच राजवटीत खंगलेले म्यानमार, सुदान, नायजर हे देश विसरता येत नाहीत. १९६२ पूर्वी तांदूळ निर्यातीत जगात अग्रेसर असलेला ब्रह्मदेश पंचवीस वर्षांच्या लष्करी समाजवादानंतर १९८७ मध्ये अतिअविकसित देशांच्या यादीत गेला.

कोरियाचा खरा धडा मला ३ डिसेंबर २०२४च्या रात्रीत दिसतो. राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल यांनी अचानक लष्करी कायदा पुकारला, सैनिक संसदेच्या इमारतीत शिरले, लोक बाहेर जमले, खासदार कुंपणावरून उड्या मारून आत गेले आणि १९० विरुद्ध शून्य मतांनी तो हुकूम फेटाळला गेला. सकाळ होण्याआधी सैनिक बराकीत परतले होते. तो उठाव सैन्याने केलेला नव्हता, सैन्याला वापरू पाहणाऱ्या नागरी नेत्याने केलेला होता, हेही लक्षात घ्यावे.

उठावातून लोकशाही आल्याचेही उदाहरण आहे. पोर्तुगालमध्ये २५ एप्रिल १९७४ रोजी तरुण अधिकाऱ्यांनी जुनी हुकूमशाही उलथवली आणि बरोबर एक वर्षाने, त्याच तारखेला, संविधानसभेची निवडणूक घेतली. तिथे आधी निवडून आलेले सरकारच नव्हते आणि अधिकाऱ्यांनी दिलेली मुदत पाळली. अशी मुदत पाळली जाणे दुर्मीळ असते. मालीच्या अधिकाऱ्यांनी निवडणुकीची तारीख वारंवार पुढे ढकलली. म्यानमारच्या सैन्याने जवळजवळ पाच वर्षांनी, २८ डिसेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने निवडणूक घेतली, पण सू ची यांचा पक्ष बरखास्त केलेला होता आणि देशाच्या मोठ्या भागात मतदान झालेच नाही.

"मग जगाने अशा देशांची कोंडी करावी"

कोंडी केली की तिची धार बहुधा चुकीच्या गळ्यावर फिरते. नायजरवर इकोवासने निर्बंध घातले तेव्हा नायजेरियाने वीज तोडली. नायजर बहुतांश विजेसाठी नायजेरियावर अवलंबून होता. बेनिनच्या सीमेवर अन्न आणि औषधांचे ट्रक अडकून पडले आणि सेनानी आपल्या जागी कायम राहिले. काही महिन्यांनी निर्बंध उठवावे लागले. अधिकाऱ्यांच्या कंपन्या, त्यांची परदेशी खाती, शस्त्रे आणि विमानांचे इंधन यांवर नेमका घाव घालणारे निर्बंध अधिक न्याय्य आहेत, पण त्यांना सर्व शेजाऱ्यांची एकजूट लागते. म्यानमारच्या बाबतीत ती एकजूट नाही. चीनला तिथली दुर्मीळ खनिजे आणि तेलवाहिनी हवी आहे, रशिया शस्त्रे विकतो आणि भारतालाही ईशान्येतील बंडखोर व चीनचा वाढता वावर यांमुळे लष्करी राजवटीशी बोलणे तोडता येत नाही. भारताची अडचण खरी आहे, तरीही सीमेवरच्या प्रांतांत आता ज्या संघटनांचा प्रत्यक्ष ताबा आहे त्यांच्याशी आणि निर्वासितांशी आपले वागणे अधिक उदार असायला हवे, असे मला वाटते. म्यानमारच्या सित्वे बंदरातून मिझोरामकडे जाणारा आपला कलादान मार्गही ज्या पलेत्वातून जातो, ते गाव २०२४च्या जानेवारीपासून राजवटीच्या हातात नाही.

"आपले सैनिक शिस्तीचे आहेत, त्यांच्या हाती दिले तर?"

आपल्या राज्यघटनेच्या ५३ व्या अनुच्छेदाने सेनादलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे दिले आहे आणि त्याचा वापर कायद्याने नियमित व्हावा असे म्हटले आहे. संरक्षणाचा खर्च संसद मंजूर करते. १९७५च्या आणीबाणीतही सैन्य बराकीबाहेर येऊन राज्यकर्ते झाले नाही. फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदाराला गावात जो मान मिळतो, तो याच व्यवस्थेतून आलेला आहे: त्याने कधी गावकऱ्यावर राज्य केलेले नसते. पुरात त्याची तुकडी बोट घेऊन येते तेव्हा लोक घाबरत नाहीत. २०१९च्या महापुरात शिरोळ आणि करवीर तालुक्यांनी हे अनुभवले आहे.

म्यानमारचे सैन्यही एके काळी असेच लोकांचे लाडके होते. सू ची यांचे वडील आंग सान यांनी १९४१ मध्ये स्वातंत्र्यासाठी जी सेना उभारली, तिच्यातून ते घडले आणि आंग सान आजही राष्ट्रपिता मानले जातात. तिथल्या पहिल्या पिढीच्या सैनिकांची निष्ठा आपल्या सैनिकांपेक्षा कमी होती असे मानायला आधार नाही. पण राज्य करणाऱ्या सैन्याला कर गोळा करावा लागतो, संप मोडावा लागतो, विद्यार्थ्यावर बंदूक रोखावी लागते आणि हे सारे शेजारच्या गावात करावे लागते. २०२१ नंतर हजारो सैनिक आणि पोलीस नोकरी सोडून पळाले, भरतीला मुले मिळेनाशी झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राजवटीने सक्तीच्या सैन्यभरतीचा जुना कायदा अमलात आणला. त्यानुसार १८ ते ३५ वर्षांच्या पुरुषांना आणि १८ ते २७ वर्षांच्या स्त्रियांना बोलावता येते आणि आणीबाणीत पाच वर्षांपर्यंत ठेवता येते. घोषणा होताच यांगूनमधील थायलंडच्या दूतावासासमोर व्हिसासाठी तरुणांच्या रांगा लागल्या.